नारळ येईपर्यंत

मला एका जागी बसून टीव्ही बघता येत नाही. जाहिराती लागल्या की मी उठते आणि जाहिराती नसल्या तरी उठते. पायाला भिंगरी लागलीय, असं आई म्हणायची. लग्न होऊन इंग्लंडला आल्यावर ही भिंगरी कामी आली, कारण आम्ही एका जागी राहतच नव्हतो. नवरा भूल देणारा डॉक्टर, तेव्हा ज्युनियर. दर सहा महिन्यांनी नाहीतर वर्षाने नवं हॉस्पिटल, नवं क्वार्टर, पडद्यांचा नवा कुबट वास. मी फिजिओथेरपिस्ट, तो जाईल तिथे मी अर्ज करायचा. लीड्सला आल्यावर एकदाचं स्वतःचं घर झालं, तरी दोन खोकी मी तशीच बांधलेली ठेवली होती. उगाच कशाला सोडा, परत बांधावी लागतील.

फक्त एका गोष्टीसाठी मी सोफ्यावर टेकायचे. ऐंशीच्या दशकात ख्रिसमसच्या आसपास दुपारी टीव्हीवर ताकदीच्या स्पर्धा दाखवत. अवाढव्य पुरुष ट्रक ओढायचे, गाड्या उलट्या करायचे, आणि शेवटी पाच वाटोळे दगड, एकाहून एक जड, उचलून पिंपांवर ठेवायचे. आमच्या लेकीला ते राक्षस आवडायचे. माझं लक्ष मात्र त्यांच्या ताकदीकडे नसायचं. आता याचं काय तुटणार, याकडे असायचं.

त्या वर्षांत ब्रिटिश टीव्हीवर आइसलंडची माणसं दोन प्रकारची दिसत. एक सूट घालून कार्यक्रमांतून बोलणारी आणि दुसरी उघड्या दंडांनी उचलणारी. एवढासा देश, आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याएवढी माणसं, आणि जो तो एक तर बोलतोय नाहीतर उचलतोय. मला त्यांचं फार कौतुक वाटायचं. आपण इतके कोटी असून इथल्या टीव्हीवर आपला माणूस दिसायचा तो दुकानदार म्हणून, तोही विनोदी.

त्यातलाच एक उचलणारा जानेवारीतल्या एका सकाळी माझ्या क्लिनिकमध्ये येऊन बसला. त्याला ओळखायला मला क्षणही लागला नाही. नुकत्याच झालेल्या ख्रिसमसला मी त्याला पाचवा दगड छातीपर्यंत आणताना पाहिलं होतं, तो दगड त्याच्या हातून सुटताना पाहिला होता, आणि किंचाळले होते, "गेला! बायसेप्सचा टेंडन गेला!" नवरा स्वयंपाकघरात धावला, त्याला वाटलं कुकर उडाला. स्पर्धा झालेली असायची शरद ऋतूत आणि दाखवायचे ख्रिसमसला, त्यामुळे मी किंचाळले तोवर आमच्याच हॉस्पिटलच्या सर्जनचं स्नायूला हाडाशी बांधणारा तो टेंडन शिवून, प्लास्टर घालून, काढूनही झालं होतं. आता तो हात कोपरात पुरता सरळ करायचं काम माझं होतं.

यॉर्कशरच्या एका शिक्षिकेशी लग्न करून तो लीड्सला राहत होता. नाव पुकारताना आमच्या रिसेप्शनिस्टची बोबडी वळायची. त्याने मला समजावलं, आमच्याकडे आडनाव नसतं, वडिलांचं नाव मागे लावतात. मी म्हटलं, आमच्याकडे मधे लावतात, आणि लग्न झालं की बाईचं ते मधलंही बदलतं. "म्हणजे तुमच्या वडिलांना काढून टाकलं?" असं त्याने विचारलं, तेव्हा मी त्याचा हात जरा जास्तच ताणला.

आठवड्यातून दोनदा तो यायचा. व्यायाम करताना बोलायचा. सावकाश, एकेक शब्द जागेवर नीट ठेवत. शनिवारी दुपारी तो इथल्या स्थानिक रेडिओवर दहा मिनिटं खेळांविषयी बोलत असे, आणि त्याला खरं तर तेच करायचं होतं. त्याचे वडील कोळी. लहानपणी घरी रेडिओवर समुद्राच्या हवामानाच्या बातम्या लागल्या की आई त्या सगळ्या भावंडांना गप्प बसवायची. वडील बाहेर होडीत असायचे ना. "एक माणूस कुठेतरी खोलीत बसून बोलतो आणि सबंध घर गप्प होतं. मला तो माणूस व्हायचं होतं," तो म्हणाला. "पण मी आडवातिडवा वाढलो, म्हणून दगड उचलायला लागलो."

मला आमच्या पुण्याच्या घरातल्या सकाळी सात पाचच्या बातम्या आठवल्या. दाढीचा साबण तोंडाला तसाच ठेवून बाबा ऐकत बसायचे आणि आम्ही कुजबुजलो तरी डोळे वटारायचे. मी त्याला ते सांगितलं. माझ्या आजोळच्या गावी मारुतीच्या देवळासमोर एक वाटोळा दगड होता, गावातली पोरं तो उचलून दाखवायची, हेही सांगितलं. त्याने लगेच विचारलं, "वजन किती?"

"कोणी मोजलंय!"

तो हसला. त्यांच्याकडे म्हणे जुन्या काळी कोळ्यांच्या एका बंदरावर चार दगड होते. सगळ्यात जड तो पूर्ण ताकदीचा, मग अर्ध्या ताकदीचा, मग त्याहून हलका, आणि शेवटचा निकाम्या माणसाचा. निदान अर्ध्या ताकदीचा उचलल्याशिवाय होडीवर काम मिळत नसे. "म्हणून मला पाचवा दगड एकदा उचलायचाय," तो म्हणाला. टीव्हीवाल्यांनी त्याला कबूल केलं होतं की येत्या स्पर्धेत उतर, लोकांना तू परत आलेला दिसू दे, मग पुढच्या वर्षापासून तुला माइकमागे बसवू. म्हणजे होडी मिळणार होती. दगड तेवढा बाकी होता.

डावा हात झकास सुधारत होता. मे महिन्यात मी सहज म्हणून उजवा तपासला. कोपराच्या खाचेत बोट घातलं की टेंडन दोरीसारखा हाताला लागायला हवा. तो लागला, पण निम्मा. मी परत बघितलं. तो भिंतीकडे तोंड करून बसला होता.

"हे केव्हापासून?" मी विचारलं.

"डावा गेला तेव्हापासून. सगळं यानेच उचलतोय ना."

मी त्याला जे सांगायला हवं होतं ते सगळं सांगितलं. सर्जनना दाखवा. स्पर्धा विसरा. हा पुरता तुटला तर नातवंडाला उचलून घ्यायलाही त्रास पडेल. त्याने ऐकून घेतलं. मग म्हणाला, "तुमच्या कार्डावर लिहा, तुमचं काम आहे ते. पण बाहेर नको."

"आमच्या कामात काही बाहेर जात नसतं," मी जरा तोऱ्यातच म्हणाले.

त्या उन्हाळ्यात माझ्या डोक्याला शांतता नव्हती. पोळ्या लाटताना तो टेंडन डोळ्यांसमोर यायचा. दर भेटीला मी तोच विषय काढायचे आणि दर भेटीला तो मान हलवून पुढचा व्यायाम विचारायचा. मला त्याचा राग यायला लागला होता. एवढा शहाणा माणूस, आणि एका गोट्यापायी हात गमावायला निघालाय. घरी मी धुसफुसायचे, पण कशावरून ते नवऱ्यालाही सांगायचं नव्हतं. तेवढा नियम मी पाळला.

आमच्या महाराष्ट्र मंडळाचा गणपती तेव्हा एका शाळेच्या हॉलमध्ये बसायचा, शनिवार-रविवार बघून. मुलांची प्रश्नमंजुषा, बायकांची गाणी, जेवण, आणि प्रमुख पाहुण्यांच्या हस्ते बक्षीस समारंभ. प्रमुख पाहुणे दरवर्षी मंडळातलेच कोणी कन्सल्टंट डॉक्टर असत, आणि दरवर्षी ते मुलांना खूप अभ्यास करा म्हणून सांगत. त्या वर्षी मिटिंगमध्ये मी बोलून गेले की तो टीव्हीवरचा आइसलंडचा पैलवान माझ्या ओळखीचा आहे. फुशारकी, दुसरं काय. मंडळाचे चिटणीस, लीड्सजवळच्या एका गावचे जी.पी., म्हणजे फॅमिली डॉक्टर, खुर्चीतून निम्मे उठले.

"वहिनी, काय सांगता! ब्रिलियंट! पेपरवाल्यांना बोलावतो मी. मंडळाचा फोटो येईल."

मी त्याला घाबरतच विचारलं. तो लगेच हो म्हणाला. लोकांसमोर बोलायची सवय होईल, म्हणाला.

पाहुण्यांचा परिचय करून द्यायचं काम अर्थातच माझ्याकडे आलं. परिचय म्हणजे काय, हे मराठी वाचकांना सांगायला नको. पाहुणा जन्मल्यापासून आतापर्यंतचं सगळं त्याच्याच तोंडावर सांगायचं, आणि त्याने मान खाली घालून, जणू पहिल्यांदाच ऐकतोय असं ऐकायचं. मी एक पान लिहून काढलं. त्यात हाताविषयी अवाक्षर नव्हतं. तेवढी अक्कल होती मला.

हॉल भरला होता. पाहुणा शाळेच्या बुटक्या प्लास्टिकच्या खुर्चीत जपून बसला होता. शेजारी त्याची बायको, तिच्या हातात मोदकाची बशी. लेक माझ्या कानाशी येऊन तिच्या इंग्लंडी मराठीत म्हणाली, "आई, तो किती मोठी आहे!" पुढच्या रांगेत संध्याकाळच्या पेपरची एक तरुण बातमीदार वही घेऊन बसली होती. चिटणीस मला म्हणाले, "वहिनी, इंग्लिशमध्येच बोला हं, पाहुण्यांना कळायला हवं." मी माझं पान वाचलं, टाळ्या झाल्या, आणि आता शाल-श्रीफळ म्हणून मी चिटणीसांकडे पाहिलं. त्यांचा चेहरा उतरला होता. ते वाकून माइकपासून लांब कुजबुजले,

"वहिनी, नारळ गाडीच्या डिकीत राहिलाय, आणि किल्ली घेऊन आमचे खजिनदार सासूबाईंना आणायला स्टेशनला गेलेत. दहा मिनिटांत येतील. तुम्ही कंटिन्यू करा."

"अहो, नुसती शाल द्या ना."

"नुसती शाल? शोभतं का? प्रमुख पाहुणे आहेत!"

गणपतीपुढे कलशावर एक नारळ होता, पण तो देवाचा. तो उचलायचं कोणाच्या मनातही आलं नाही, माझ्याही नाही. मी परत माइककडे वळले.

दहा मिनिटं फार असतात. आधी मी आइसलंडविषयी बोलले, मग आडनावांविषयी, मग बंदरावरच्या चार दगडांविषयी. मारुतीच्या देवळासमोरचा दगडही आला. लोक रंगले होते. मी दाराकडे पाहिलं; नारळाचा पत्ता नाही. आता काय सांगू? टाळ्या मिळाल्या की माणसाला चढते, तशी मला चढली होती. मी म्हणाले, "डावा हात फाटला, आमच्या हॉस्पिटलने शिवला. आणि आता उजवाही निम्म्या धाग्यावर लोंबतोय, तरी हा माणूस येत्या महिन्यात पाचवा दगड उचलायला उतरणार आहे. याला आम्ही मराठीत जिद्द म्हणतो."

सगळ्यात जोरात टाळ्या त्या वाक्याला पडल्या. त्याची बायको त्याच्याकडे वळून बघत होती. तिलाही माहीत नव्हतं. बातमीदार मुलगी लिहीत होती. आणि दारातून खजिनदार नारळ उंच धरून धावत येत होते.

शाल त्याच्या खांद्यांना पुरली नाही, हॉल हसला. नारळ त्याने डाव्या हातात घेतला. उजवा हात त्याने शालीखाली ओढून घेतला होता, आणि कार्यक्रम संपेपर्यंत तो बाहेर काढला नाही. बक्षिसं त्याने डाव्या हाताने दिली. भाषण तीन वाक्यांत आटोपलं. जाताना त्याने सगळ्यांना नमस्कार केला, मला वगळून.

सोमवारी पेपरात फोटो आला. मंडळाचं नाव बरोबर छापलं होतं. मथळा हाताचा होता. आठवड्याच्या आत स्पर्धेच्या लोकांनी त्याच्याकडे डॉक्टरचं सर्टिफिकेट मागितलं, ते कुठलाही डॉक्टर देणार नव्हता, आणि त्याचं नाव यादीतून गेलं. टीव्हीवाल्यांचा माइकही त्याबरोबर गेला. मला आमच्या सुपरिंटेंडेंट बाईंनी बोलावून घेतलं. नोकरी राहिली, लेखी ताकीद मिळाली. ती मला कमीच वाटली. चिटणीस फोनवर म्हणाले, "वहिनी, डोंट वरी, तुम्ही काही वाईट बोलला नाहीत, स्तुतीच केलीत." मी फोन आपटला.

तो एकदाच आला. व्यायामासाठी दिलेला रबरी पट्टा परत करायला. बसला नाही.

"मी तुमच्यावर चिडलोय," तो म्हणाला. आवाज नेहमीइतकाच हळू.

"हो."

"मला एवढंच सांगा. मुद्दाम केलंत?"

नाही म्हणायला मी तोंड उघडलं, आणि ते नाही बाहेर पडेना. नारळाचं कारण खरं होतं. चढली होती हेही खरं. पण चार महिने मी त्याला थांबवायला बघत होते, आणि त्या एका वाक्याने तो थांबला, हेही खरंच होतं. त्याने पट्टा टेबलावर ठेवला आणि गेला. पुढची ट्रीटमेंट त्याने दुसरीकडे घेतली. मी त्याला पत्र लिहिलं; माफी मागितली, सगळं कबूल केलं. उत्तर आलं नाही.

नवऱ्याला आता सगळं सांगितलं होतं. तो म्हणाला, "अगं, हात वाचला त्याचा. एका परीने तू चांगलंच केलंस."

"हात त्याचा होता ना? मग ते तू ठरवणार की मी?" मी म्हणाले, आणि त्या दिवशी भांडी जरा जोरातच घासली गेली. मनातून मीही स्वतःला हेच सांगून पाहिलं होतं, आणि मला ते पटलं नव्हतं.

त्यानंतर मी मंडळात कोणाचाही परिचय करून दिला नाही. ख्रिसमसला त्या स्पर्धा लागल्या की घराबाहेर पडायचे. गरज नसताना ब्रेड आणायला जायचे. शनिवारी दुपारचा रेडिओ मात्र चोरून ऐकायचे; काही महिने तो होता, मग दुसराच कोणी बोलायला लागला. ते दोघं स्कॉटलंडला गेले, असं कोणीतरी म्हणालं. माझी भिंगरी त्या वर्षांत जास्तच फिरली. मी दोनदा नोकरी बदलली. घर बदलू या म्हणून नवऱ्याच्या मागे लागले, आणि तो म्हणाला, खोकी तरी दोनच आहेत तुझी.

नव्वदचं दशक अर्धं उलटून गेलं होतं. लेक सिक्स्थ फॉर्मला, म्हणजे आपल्या अकरावी-बारावीला होती. ख्रिसमसनंतरची दुपार, बाहेर पाऊस आणि दुकानं बंद, त्यामुळे पळायला जागा नव्हती. मी मटार सोलत होते. लेकीने टीव्ही लावला आणि तेच दगड समोर आले. मी उठले, परात उचलली, आणि दारापर्यंत जाऊन थांबले. समालोचन करणाऱ्या दोघांतला एक आवाज सावकाश होता. एकेक शब्द जागेवर नीट ठेवत होता.

"आई, हा तुझा पेशंट होता ना?" लेक म्हणाली. "कसला छान आवाज आहे त्याची."

मी परत येऊन बसले.

एक तरुण पोरगा चौथा दगड ठेवून पाचव्याकडे चालला होता. उजव्या कोपराला पट्टी. तो हात जपतोय हे मला दिसलं. कोणालाही दिसलं असतं. दुसरा समालोचक उत्साहाने म्हणाला, हात गेलेला दिसतोय याचा, तुला तर अनुभव आहे, काय झालंय नेमकं?

मग तो सावकाश आवाज म्हणाला, "ते त्याला माहीत आहे आणि त्याच्या फिजिओला. बाहेर बोलायची गोष्ट नाही ती."

इतक्या वर्षांनी, सबंध देशासमोर, माझं नाव न घेता त्याने ते मला सांगितलं, किंवा मला सांगितलंही नसेल. मला भयंकर लाज वाटली आणि त्याला माइक मिळाला म्हणून आनंदही झाला, दोन्ही एकदमच.

पोरगा दगडाला भिडला. दुसरा समालोचक काहीतरी बोलायला लागला, आणि मधेच थांबला. शेजारच्या सावकाश आवाजाने त्याला खुणेने गप्प केलं असावं. दगड मांडीवर आला. तिथे फार वेळ राहिला. दारावर कोणीतरी बेल वाजवली, लेक म्हणाली, "आई, बघ ना," मी हलले नाही. दगड छातीवर आला, पिंपाच्या कडेला लागला, वर सरकला. तो ठेवून पोरगा बाजूला होईपर्यंत आइसलंडचा माणूस एक शब्दही बोलला नाही.